पॅडांची शिलाई

पहिल्यांदा आला तेव्हा एक पॅड निळं, दुसरं करडं,
दोन्ही कुणीतरी टाकून दिलेली.
म्हणाला, येऊरहून आलोय.
परतीच्या बसचे सोडून जेवढे उरतात
तेवढ्यात शिवा.

जांभळी नाक्यावर माझी पेटी. चपला, बॅगा, छत्र्या.
हॉकी मला ठाऊक नव्हती.
गोलकीपर म्हणजे काय रे?
म्हणाला, ज्याला पळायला लागत नाही तो.

नाव बारक्या तुंबडा.
जिल्ह्याच्या यादीत कुणीतरी सुधारून 'भरत' केलं होतं.
दोनदा कचेरीत जाऊन
त्यानं ते परत बारक्या करून घेतलं.

मग रेल्वेची नोकरी, मग लीग.
पेपरात बोटभर फोटो आला,
मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.
लाउडस्पीकरवाला त्याला 'येऊरचा वाघ' म्हणायचा.
हा हसायचा. वाघ मी बघितलाच नाही, काका.
बिबट्या बघितलाय.
तो काही अडवत नाही,
कुत्रं उचलतो न जातो.

ज्या साली धाकट्या भावानं
कुणाशी काही न बोलता स्वतःला संपवलं
त्या साली हा जालंधरला होता.
तिसऱ्या दिवशी सामना. खेळला.
नंतर माझ्याकडे आला तेव्हा
मी काही विचारायच्या आत
बक्कल पुढं केलं,
हे सैल झालंय.

आता पाड्यावरच असतो, नोकरी सांभाळून.
शनिवारी बंगल्यात लग्न असलं
की टर्फचे दिवे भिंतीवरून अलीकडे सांडतात,
तेवढ्या उजेडात पोरं खेळतात.
पोरीही. डीजेच्या ठेक्यावर शिट्टी ऐकू येत नाही,
म्हणून हात वर करतो.
सोमवारी तीच पोरं घेऊन दाखल्यासाठी तहसीलला,
साहेब जेवायला गेलेत, बसा.

खेळ संपला की गोल करून बसवतो.
किती गोल झाले ते नाही विचारत.
विचारतो, काल झोप लागली का?
एखादं पोरगं मान हलवतं, नाही.
त्याला तो घरापर्यंत सोडतो,
दोघं काही बोलत नाहीत म्हणे,
नुसती बॅटरी.

परवा पोतं भरून पॅड आणली.
एकाचाही जोडीदार सापडेना.
असू दे, म्हणाला, जोड्या लावू नका.

मला आताशा सुईचं नाक दिसत नाही.
तो ओवून देतो.