अर्धा हॉर्सपॉवर

आधी माप पाठवा, मुश्ताक फोनवर म्हणाला,
रुंदी, उंची, पत्रा किती गेजचा.
मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, टेप धरला:
दहा फूट दोन इंच, नऊ फूट.
वजनाचं विचारलं तेव्हा मात्र अडले.
ते कुठे लिहिलेलं नव्हतं,
माझ्या उजव्या खांद्याला तेवढं पाठ होतं.

सव्वीस वर्षं.
रात्री दीडला कुणीतरी फाटकाशी मोटारसायकल बंद करायचा,
"डाक्टरसाहेब, म्हैस अडली जी,"
हे अंधारात एकच बूट शोधत,
मी कडी काढून वाकलेली,
दोन्ही हात पट्टीखाली, आणि कंबरेतून एक झटका:
घर्रर्र.
अख्खी गल्ली कूस बदलायची.
समोरून पंचफुलाबाई खाटेवरूनच,
"कोनाची व्याली वो?"
अजून जीपही सुरू झालेली नसायची.

औंदा पोळ्यानंतर खांदा गोठला.
वेणी घालता येईना, तर शटर कुठलं उचलणार.

अमरावतीत मुश्ताकच्या काउंटरवर दोन मोटारी,
रुसलेल्या विहिणींसारख्या, तोंडं दोन दिशांना.
ही बाजूला बसते. साखळीवर चालते. आवाज आहे तिला,
पण लाईट गेली तर हातानं ओढायची साखळीही आहे.
ती पाइपाच्या पोटात जाते. मुकी.
"काकू, साहेब कवा गेले, कवा आले,
तुमाले पत्तापन नाही लागनार."
मी म्हटलं, बरं. पुढे बोल.

मग व्होल्टेज.
आमच्याकडे रात्री लाईट असते म्हणजे
बल्ब विडीच्या टोकाएवढा तांबडा असतो.
तेवढ्यात तीनशे किलो उचलेल का तुझा अर्धा हॉर्सपॉवर?
तो हसला. बॅटरी घ्या, म्हणाला.
ती कितीची, हे त्यानं कॅल्क्युलेटर फिरवून दाखवलं,
तोंडानं सांगितलं नाही.

रेवतीचा पुण्याहून फोन:
आई, मोबाईलवर चालणारं घे,
मी इथूनच उघडून देत जाईन.
अगं, तू तिथून उघडशील,
पण शटरखाली टिपू झोपलेला असतो,
बाजूच्यांची कालवड पाठ घासत असते,
ते तुला तिथून कसं दिसायचं?

म्हणून मी पिशवीतून पपई काढली.
सकाळीच तोडलेली, देठाला अजून चीक.
लाव खाली, म्हटलं. सोड शटर.
मुश्ताक पोराकडे पाहतो, पोरगा माझ्याकडे.
शटर आलं, न थांबता आलं,
पपई थोडी कण्हल्यासारखी वाजली,
आणि काळ्या बिया पार स्टुलाखाली.
"डोळा येगळा लावा लागते, काकू. अठराशे रुपये."
अर्धी पपई उरली होती. डोळा लावून ती ठेवली.
शटर वीतभर वर थबकलं,
आणि चुकीच्या घरी शिरल्यासारखं
मुकाट्यानं परत फिरलं.

डोळा घेतला.
मोबाईलचं नाही घेतलं.

घरी हे म्हणाले, काऊन, थे बिनआवाजाची घ्याची होती,
झोपली असती तू शांत.
मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

आता रिमोट ह्यांच्या खिशात,
थर्मामीटर आणि सुपारीच्या डबीबरोबर.
मी उठत नाही.
परवा रात्री तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.
कोपऱ्यावर जीपचा उजेड वळला, टिपू एकदा भुंकला,
मग साखळी चालू झाली.
डोळे मिटून पट्ट्या मोजल्या.
सातवीला जरा अडखळतं ते.
उद्या मुश्ताकला फोन करून
कुठलं ग्रीस लावायचं, विचारते.