माहितीपर लेखन, नववी

तेहेतीस वह्या. त्यातल्या एकोणतीस वह्यांत
आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसले आहे.
उरलेल्या चौघांनी निबंध लिहिलाच नव्हता,
त्यांना मी मनातल्या मनात बरे गुण दिले.

एकोणतीस कुशी खोडता खोडता
लाल रिफिल संपली.

सोमवारी फळा कोराच ठेवला.
म्हटलं, बाहेर जावा. एक जागा धरा, तासभर बसा.
दिसेल ते लिहा, मोजता येईल ते मोजा,
आणि कोण काय बोललं
ते त्याच्याच तोंडचं, तुमच्या नव्हे.
"आणि कळलं न्हाई तर, सर?"
मागच्या बाकावरून लुमाण्णा.
कळलं नाही, असं लिही.
"त्याला मार्क हाईत?"
हाईत, म्हटलं.
जूनपासून पहिल्यांदाच वर्ग गंभीर झाला.

लुमाण्णा खानापूरच्या फाट्यावर बसला.
"सातची बस सात बावीसला आली.
कंडक्टर आधी कन्नडात ओरडला,
मग मराठीत,
मग नुसता ओरडला."
तुळसा बिर्जे गिरणीत बसली;
तिच्या वहीतून अजून पीठ सांडतं.

आणि दाक्षायणी कुंभार
आपल्याच अंगणात, आव्यापाशी.
तिनं लिहिलं: माझी आई म्हणाली,
"कष्टाशिवाय मानवाला तरणोपाय नाही."
मी विचारलं, आई असं म्हणाली?
ती बुटाच्या टोकाशी बघत राहिली.
मग काय म्हणाली?
"आई बैलहोंगलची, सर. कन्नडातनं बोल्ली."
बोल्ली काय पण?
"केलसा माड, मात साक."
काम कर, बडबड पुरे.
वर्ग हसला. मी हसलो.
शेवटी तीही, तोंडावर वही धरून.

लिही तेच, म्हटलं. जसंच्या तसं.
"मराठीच्या वहीत?"
मला लगेच उत्तर आलं नाही.
ह्या भागात पाट्यांवरची अक्षरं
किती मोठी, कुठली वर, कुठली खाली,
ह्यावर मी लहानपणापासून भांडणं ऐकत आलोय.
काही भांडणांत मीही होतो.
लिही, म्हटलं. पुढं अर्थ दे.

तिनं लिहिलं.
शिरोरेघेला लटकलेल्या माझ्या ओळखीच्या ओळी,
आणि मध्येच चार शब्द, गोल गोल,
डोक्यावर रेघ नाही,
चाकावरून नुकते उतरवल्यासारखे.

खाली हिशेब होता.
आव्यात लावली: दोनशे बारा.
धड निघाली: एकशे एकाहत्तर.
फुटली: चाळीस.
मी तीनदा बेरीज केली.
एक मडकं कमी भरत होतं.
"सर, एक्केचाळीस करू काय? जुळतंय मग."

खरं सांगतो, हात शिवशिवला.
बावीस वर्षं मी पोरांना
जुळवायलाच शिकवत आलो:
सुरुवात, मध्य, शेवट,
शेवटी एखादं सुभाषित,
म्हणजे तपासणाऱ्याला बरं वाटतं.
फुटलेली किती मोजलीस?
"चाळीस. दोनदा."
मग चाळीसच.
तिनं पेन घट्ट धरलं आणि लिहिलं:
एक मडके कुठे गेले, मला माहीत नाही.

हेडमास्तरांनी वही पाहिली.
म्हणाले, छान आहे, पण शेवट नाही हो ह्याला.
मी म्हटलं, नाही.

पंधरवड्यानं वही परत आली,
गृहपाठ नसताना, कुणी मागितली नसताना.
त्याच पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत:

"दुरुस्ती.
ते मडके परसात सापडले.
काकूने आवा उघडताच नेले होते, कोणाला न सांगता.
आत कोंबडी अंड्यांवर बसली आहे.
अंडी किती, ते तिने मोजू दिले नाही."