परमिट

वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी गॅस टेस्ट.
सव्वीस वर्षं रबाळ्याच्या प्लांटमध्ये
त्या गुलाबी कागदावर मी सह्या केल्या,
नाही केल्या तेव्हा शिव्या खाल्ल्या.
टाकी रिकामी आहे साहेब, म्हणायचे कंत्राटदार.
मी म्हणायचो, रिकामीच फसवते.

आता वाशीला, सेक्टर सतरा,
डॉक्टर कुरियन पेनाचं टोक ठेवतात आकड्यावर:
टेस्टोस्टेरॉन एकशे अठ्ठ्याण्णव.
म्हणजे ताटावरच येणारी पेंग,
चौथ्या दिवशी आठवणारी दाढी,
आणि सुगंधाने दिवा घालवल्यावर
मी उगाच काढलेला लाइटबिलाचा विषय.
इंजेक्शन आहे त्यावर, ते म्हणाले,
पण आधी प्रोस्टेट बघू.

रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल नको.
सायकल मी दहावीनंतर चालवलेली नाही.
दुसरंही एक नको, असं लॅबमधल्या मुलीने
कागदावर नुसतं बोट ठेवून सांगितलं.
म्हटलं, त्याची काळजी करू नका.

मग डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.
समोर भिंत, भिंतीवर मागच्याच महिन्याचं कॅलेंडर.
थंड जेल. श्वास सोडा.
मॅनहोलमधून वाकून आत बघणारा
आजवर नेहमी मी असायचो.

घरात कुणाला होतं का?
नाही, म्हणालो. सवयीने.
आणि पँटचा हूक लावता लावता
घणसोलीच्या घरामागची मोरी दिसली.

बाबा रात्री उठायचे. चारदा, पाचदा.
आवाज झाकायला बादलीत नळ सोडायचे,
बादली भरून वाहायची
तरी बाहेर येत नसत.
शेवटच्या वर्षी कंबर धरून बसून असायचे.
मिठागरात ओझी वाहिली त्याचं दुखणं, असं आम्ही ठरवलं,
बाबांनीही मान हलवली.
कुणी विचारलं नाही.
कुठल्या शब्दांत विचारतात
तेच घरात कुणाला येत नव्हतं.

लिहा डॉक्टर, मी म्हणालो.
नाही खोडा. माहीत नाही, असं लिहा.

पीएसए तीन पूर्णांक सहा.
घाबरण्याएवढा नाही, सोडून देण्याएवढाही नाही.
सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त,
लागलाच तर एमआरआय,
तोवर इंजेक्शन नाही.
मी वाद घातला नाही.
परत पाठवलेली माणसं गेटवर जशी
हेल्मेट हातात घेऊन उभी राहायची
तसा लिफ्टपाशी उभा राहिलो थोडा वेळ.

रिक्षात बसल्यावर हिराजीला फोन लावला.
धाकटा. एकावन्नचा.
म्हटलं, रात्री कितींदा उठतोस रे?
हसला आधी. म्हणाला, सकाळी सकाळी काय हे दादा.
मी काहीच बोललो नाही.
पलीकडे कुठेतरी पाणी वाहत होतं,
त्याने नळ बंद केला.
तीनदा, म्हणाला.