नवव्यापासून

कुठून सुरू करू, असं तू विचारलंस
आणि मी चष्मा पुसायला घेतला.
मुळगुंदांची एकतीस पुस्तकं, बाळ.
तीन राजवंश, दोन चंद्र, उलटी वाहणारी एक नदी,
आणि एक लंगडा सोनार, जो कुठल्याही पुस्तकात
दार ढकलून आत येतो, पाणी मागतो, निघून जातो.
त्याने किती वेळा पाणी मागितलं हे मोजलं नाही
तर पुढे फसगत होते.

दिघेबाई सांगतील, छापली त्या क्रमाने वाच,
लेखक शहाणा होत गेला तसं आपणही व्हावं.
(बाई बँकेत होत्या. टोकन नंबरावर श्रद्धा.)
भाविन सांगेल, काळाच्या क्रमाने:
आधी ‘मिठाचा तह’, मग ‘राखेची मुंज’,
मग सतरावं, मग परत चौथं.
त्याच्याकडे तक्ता आहे,
एका बाजूला गुजरातीत नावं, दुसऱ्या बाजूला फाफड्याचं तेल.
मराठी वाचायला शिकला तो ह्या पुस्तकांपायी.
अजून म्हणतो, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ बघून
सुरुवातीला वाटायचं, कुणीतरी सगळं खोडून ठेवलंय.

खरं सांगू?
दांडिया बाजारच्या या वाचनालयात
हा वाद मिटून बरीच वर्षं झाली.
विश्वामित्री आत आली त्या साली
मी पुस्तकं क्रमाने लावली होती,
खालच्या फळीवर एक ते आठ.
माझीच शिस्त.
पाणी गुडघ्यावर चढलं नाही.
पहिली आठ पाण्याने वाचली,
नवव्यापासूनची वाचली.

तिसऱ्या दिवशी शटर वर केलं.
‘मिठाचा तह’ फुगून उशीएवढा.
रस्त्यात कुणीतरी ओरडत होतं, मगर, मगर,
आणि मी पानं सोडवत बसलेली.
अक्षरं शाबूत होती,
पानंच एकमेकांना सोडत नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे मुळगुंद
नवव्यापासून सुरू होतात.
त्याचं पहिलंच वाक्य: आणि म्हणून तिने पूल जाळला.
ती कोण, म्हणून म्हणजे का, पूल कुठला,
ज्याचं त्याने बघावं.
दिघेबाईंच्या हिशेबी तिची वसुली राहिली होती.
रिक्षावाले पवार म्हणतात, पूल सरकारी,
वाळूच जास्त, बरं झालं जाळला.
वाळूचा पूल जळतो कसा, हे त्यांना विचारायचं नाही.
भाविनच्या तक्त्यात तिथे लाल प्रश्नचिन्ह.
किती संध्याकाळी, सेव-उसळीच्या रश्शाने नाक गळत असताना,
आम्ही ती आठ पुस्तकं बोलून बोलून रचली.
सोनार लंगडा कसा झाला याच्या
आमच्यापाशी चार गोष्टी आहेत. चारही खऱ्या.

माझे खापरपणजोबाही या शहरात असेच आले,
कुठल्याशा कारकुनीच्या मधल्या पानावर.
त्याआधीचं गाव कोकणात की देशावर,
घरात एकमत नाही. जेवणं अडत नाहीत.

गेल्या दिवाळीत एकाने पुण्याहून पहिला भाग आणून दिला.
कोरा करकरीत.
कव्हर चढवलं, नोंद केली,
आणि खणात ठेवला, डिंक न् पावतीबुकांच्या खाली.
दिघेबाईंना ठाऊक आहे.
त्या खणाकडे बघतात
आणि विसावं मागतात, पाचव्यांदा.
पवारांनी एकदा, जाता जाता, पाठमोऱ्यानेच विचारलं,
सरकारीच होता ना?
म्हटलं, उघडलं नाही अजून.

म्हणून चष्मा पुसत होते, मृण्मयी.
खण तुझ्या कोपराशीच आहे. कुलूप नाही.
आणि हे नववं. खालच्या कडेला ओलीची रेघ,
तिथे बोट लावून बघ, अजून खडबडीत लागते.
काय हवं ते ने.
पंधरा दिवस. उशीर झाला तर रोजचा रुपया.
नववं नेलंस
तर परत देताना मला सांगायचं,
पूल बांधला कुणी होता.