परिशिष्ट ब

नव्या कायद्याचा हिंदी मसुदा माझ्याच टेबलावर आला.
कलम चार : सरकारी जमिनीवर यापुढे
फक्त स्थानिक झाडं.
स्थानिक कोण, ते खाली बारीक अक्षरांत :
जे कुणी आणून लावलेलं नाही, ते.

मी जरा थांबलो.
आमचे खापरपणजे पागेबरोबर दक्षिणेतून आले,
जनकगंजात रुजले.
आमटीत आमसूल अजून पार्सलनं येतं.

मग पुढे टाइप केलं.
परिशिष्ट ब : धावडा, सालई, खैर,
आणि करधईच्या जागी
हात मराठीत घसरला : कर्दळी.
साहेबांनी सही केली.
रोपवाटिकेचे खासगीवाले आमच्यातलेच,
त्यांना बरोबर कळलं.

सिरोलच्या टेकडीवर चारशे कंद उतरले.
कपूरी पोत्यावर बसून हसत राहिली,
पदर तोंडात धरून.
"बाबूजी, हे तर बंगल्यातलं फूल.
इथं दगडाला पाणी कोण घालणार?"

चूक माझी, म्हणून मलाच धाडलं.
ती पुढे, मी चपला सांभाळत मागे.
विलायती बाभळी मुळासकट उपटून पडलेल्या,
आणि त्यांच्या जागेखाली
गुडघ्याइतकी खुंटं,
बकऱ्यांनी वर्षानुवर्षं कुरतडलेली.
मी म्हटलं, मेलीत.
ती म्हणाली, हीच करधई.
लावायची नसते.
बकऱ्या आवरा, अन् घरी जा.

जेठ सरत आला होता. ढग नव्हताच.
हवा थोडी दमट,
दोरीवरचा रुमाल वाळत नव्हता, इतकीच.
तेवढ्यावर
चौथ्या दिवशी अख्खा उतार हिरवा.

आता तिमाही तक्ता भरतोय.
लावलेली रोपं : शून्य.
जगलेली : मोजता आली नाहीत.
टक्केवारीच्या रकान्यात संगणक अडतो,
शून्यानं भाग जात नाही म्हणतो.
भोपाळहून दोनदा खुलासा मागवलाय.
मी लिहिलं, जागेवर येऊन पाहावं.
ते खोडलं.
लिहिलं, कपूरी आदिवासी, रोजंदारी, यांना विचारावं.
तेही साहेबांनी खोडलं.

कंद परत गेले, तीनशे नव्याण्णव.
एक माझ्या पिशवीत राहिला,
गच्चीवर फुटक्या बादलीत लावलाय.
बायको रोज विचारते, लाल की पिवळी?
अजून पानंच आहेत.