तिसरी खुर्ची

नेरूळला, पतपेढीच्या वरच्या खोलीत
प्लास्टिकच्या तीन खुर्च्या म्हणजे आयोग.
मधे निवृत्त प्रांत, डावीकडे भूगोलाच्या बाई,
तिसरे साहेब आलेच नाहीत, म्हणून
क्लासचा शिपाई हरेश.

"नाव?" "निरुपा मढवी." "गाव?"
"होतं, सर. आता सेक्टर आहे."
प्रांत हसले. वाटलं, जमतंय.

तेवढ्यात हरेशच बोलला, कुणी सांगितलं नसताना:
"बापाचं मिठागर तुम्हालाच घ्यायचं झालं सरकारसाठी,
तर नोटीस द्यायला कोण जाणार?"

मी कलम सांगितलं, मोबदला, साडेबारा टक्के.
प्रांतांनी वहीत काहीच लिहिलं नाही.
"बरोबर आहे सगळं," म्हणाले,
"पण पदराचं टोक केव्हापासून पिळताय?"

रात्री बाबांना विचारलं.
हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवून
ते बराच वेळ गप्प. मग:
"तूच ये.
पन दारान उबी राहून नको देव कागुद.
आत ये, बस, पानी माग."

दिल्लीत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.
छंद विचारले, आणि कुठल्याशा कराराचं वर्ष,
जे मला काही केल्या आठवेना.
मी पाणी मागितलं. सावकाश प्यायले.
आणि पदर सोडून सांगितलं,
माहीत नाही.