खाडाखोड

बाबगोंडा मगदूम, हरिपूर, वय ऐंशी,
पेवातली हळद नाकानं ओळखणारा माणूस
माझ्या टेबलासमोर आज तिसऱ्यांदा बसला.

पहिल्यांदा मीच लिहून दिलं त्याचं मृत्युपत्र.
घर आणि गाळा पुतण्याला,
आणि सातव्या ओळीत,
'मुलगी अक्काताई हिने मर्जीविरुद्ध लग्न केल्याने
तिला काही देणे नाही.'
अक्षर माझं, वळणदार.
तेव्हा मला आवडलं होतं ते.

दुसऱ्यांदा आला तो पुरानंतर.
कृष्णा कपाटात शिरली होती.
कागद दोरीवर चिमट्यांनी वाळवलेला,
शाईचा निळा ढग झालेला,
सातवी ओळ तेवढी वाचता येत होती.
"नदीनं पुसलं की हो. सुटलो ना?"
म्हटलं, नाही. नदीला इरादा नसतो.
वाळवीला नसतो, उंदराला नसतो.
रद्द करायला माणूस लागतो,
शुद्धीवरचा,
आणि त्याला ते करायचंच असावं लागतं.
तो छत्रीची काडी सरळ करत बसला.

आज त्या ओळीवर लाल रेघ.
एकदा नाही,
कागद झिजेस्तोवर गिरवलेली.
मी चष्मा पुसला.
सहीशिवाय, दोन साक्षीदारांशिवाय
ही कोर्टात नुसती रेघ, अण्णा.
जाळा. फाडा.
नाहीतर रद्द केलं असं लिहा,
पहिल्या वेळेइतकंच सोवळं पाळून.

त्यानं कागद धरला.
हल्ली हात थरथरतो त्याचा.
फाटेना.
"दुसऱ्यानं फाडलं तर चालतंय?"
चालतंय. तुमच्या समोर, तुमच्या सांगण्यावरून.
"मग फाडा तुम्हीच. तुम्हीच लिहिलंय."

नोंदणी कचेरीत नक्कल होती,
म्हणून आधी रद्दलेख लिहिला.
साक्षीला झेरॉक्सवाला दिलावर,
आणि चहावाला. त्याचा पोरगा पुढं झाला होता,
त्याला म्हटलं, तू नको, सज्ञान पाहिजे.
सही करायला बाबगोंडाला पाच मिनिटं लागली.
मग फाडलं.
आवाज अगदीच थोडा झाला.

"आता नवं काय लिहू?"
"काही नको.
काहीच लिहिलं नाही
तर कायदा तिला कोण म्हणतो?"
मुलगी, म्हटलं.
"मग झालं की."

पैसे मोजताना त्यानं विचारलं,
इचलकरंजीची एसटी किती वाजता.
मी म्हटलं, अर्ध्या तासाला असते.
खरं म्हणजे
मला माहीत नव्हतं.